मुखवट्यामागील मनुष्य

संगणकावर वा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांची चर्चा वाङ्मयविषयक मासिकात कशास, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात सहजच येईल. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, नाटक पाहणे हे ज्या काळी सभ्य गृहस्थास शोभत नाही असे मानीत आणि कादंबरी मुलींच्या हाती पडू नये म्हणून जपत, त्या काळीही नाटक-कादंबऱ्यांचा जनमनावरील परिणाम टीकाकारांच्या अनुमतीची वाट पाहत थांबला नव्हता. आज आपल्या घरांतील पुष्कळ मुलांस अद्भुत कथेची पहिली ओळख ह्या खेळांतूनच होते. कथा वाचणारा मुलगा शत्रूचा वध दुरून पाहतो. खेळणाऱ्या मुलाच्या हातून तो स्वतः घडतो. तेव्हा हा शत्रू कोण, त्यास शत्रू कोणी ठरविले आणि त्याच्या वधाचे समाधान कोणत्या जातीचे आहे, ह्याचा विचार टीकाकाराने केला नाही, तर तो कोणी करावयाचा?

प्रस्तुत लेखाचा विषय 'गेनशिन इम्पॅक्ट' हा खेळ होय. शांघाय येथील मिहोयो ह्या संस्थेने तो सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तो खेळण्यास आरंभी काही मूल्य पडत नाही आणि बऱ्यापैकी मोबाइलवरही तो चालतो. त्यामुळे शहरापासून दूर, जंगलाच्या मुलखातही त्यास मज्जाव नाही. मुंबई-पुण्याच्या मुलास हा खेळ जसा दिसतो, तसाच तो गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्याच्या मुलास दिसेल काय, हा प्रश्न मनात ठेवूनच आम्ही हे परीक्षण लिहीत आहो. प्रश्न असा का पडावा, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

प्रथम कथा पाहू. जुळे बहीण-भाऊ विश्वाविश्वांतून प्रवास करीत असता एका अज्ञात देवतेकडून त्यांची ताटातूट होते. दोघांपैकी ज्यास खेळाडू निवडील तो नायक. दुसरे भावंड हरवलेले. तेवात नावाच्या भूमीत सात देवता, सात राज्ये व सात महाभूते आहेत. त्या भूमीतून नायक आपल्या भावंडाच्या शोधार्थ हिंडतो. ह्या भूमीचे चित्रण अत्यंत मनोहर आहे. डोंगरमाथ्यावरून दिसणारी गवताळ पठारे, वाऱ्याने हलणारी झाडे, सांजवेळी बदलणारा प्रकाश आणि प्रत्येक प्रदेशास साजेसे संगीत ह्यांची योजना करणारे कलावंत सामान्य नव्हेत, हे आम्ही आरंभीच मोकळ्या मनाने मान्य करितो.

ह्या रमणीय भूमीत जागोजाग शत्रूंचे तळ आहेत. त्या शत्रूंस हिलिचर्ल म्हणतात. अंग काळसर, मानेभोवती केसांची आयाळ आणि तोंडावर रंगविलेला मुखवटा, असे त्यांचे रूप. गवताच्या झोपड्या, लाकडाचे मनोरे व मध्ये पेटलेली शेकोटी असा त्यांचा तळ असतो. ते मांस भाजतात, शेकोटीभोवती नाचतात, थकले म्हणजे निजतात. त्यांच्यात काठी उगारून मंत्र म्हणणारे भगतासारखे कोणी असतात, ढाल-कुऱ्हाड घेतलेले धिप्पाड योद्धे असतात. ह्या सर्वांच्या मागे एक गूढ संघटना आहे. तिचे नाव 'ॲबिस ऑर्डर'. आपण तिला पाताळपंथ म्हणू. ह्या पंथाचे मांत्रिकही मुखवटे घालून अधांतरी तरंगत हिंडतात, हिलिचर्लांस चिथावितात, आणि देवतांचे राज्य उलथून टाकण्याचे कारस्थान रचितात. नायकास दररोज छोट्या कामगिऱ्या मिळतात. त्यांतील कित्येक कामगिऱ्या अमुक एक तळ साफ करावा, एवढ्याच स्वरूपाच्या असतात. तळ साफ झाला की पेटी उघडते व बक्षीस मिळते.

मुखवटाधारी पंथ हा शत्रू म्हणून कथाकारांस इतका प्रिय का असावा? आमच्या मते ह्याचे कारण कलेपेक्षा सोयीत आहे. मनुष्याचा चेहरा हा त्याच्या बाजूचा साक्षीदार असतो. तो वेदनेने वाकडा होतो, भीतीने पांढरा पडतो, दयेची याचना करितो. आणि तसे झाले म्हणजे मारणाऱ्याचा हात क्षणभर तरी अडखळतो. वध करणे हेच ज्या खेळाचे मुख्य कर्म, त्यास असे अडखळणे परवडत नाही. म्हणून चेहऱ्यावर मुखवटा चढवावयाचा. त्यातही शत्रू एखाद्या गुप्त पंथाचा असला म्हणजे दुसरी सोय होते: त्याच्या प्रत्येक अनुयायाचा अपराध निराळा सिद्ध करावा लागत नाही. तो त्या पंथाचा आहे, एवढाच त्याचा अपराध पुरेसा ठरतो.

ही युक्ती नवी नाही, आणि तिच्या वंशावळीत आपल्या देशाचे नाव ठळकपणे येते. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली एका ठगाचा कबुलीजबाब म्हणून रचलेली कादंबरी प्रसिद्ध केली. कालीचे उपासक, वाटसरूंचे गळे आवळणारे, देशभर पसरलेले गुप्त मंडळ, ही प्रतिमा तिने विलायतेच्या वाचकांच्या मनात अशी रुजविली की, १९८४ साली स्टीव्हन स्पीलबर्गच्या चित्रपटातही तीच कालीची गुहा व तेच नरबळी देणारे पुजारी पुन्हा अवतरले. वाटमारी होत होती, खूनही होत होते, ह्यात शंका नाही. परंतु माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभारलेले अखिल भारतीय धर्मपंथाचे चित्र कितपत खरे, ह्याविषयी इतिहासकारांत मोठा मतभेद आहे. कादंबरी ही कादंबरीच राहिली असती तर आमची तक्रार नव्हती. पण काही माणसे जन्मानेच गुन्हेगार असतात ही कल्पना सरकारदरबारी एकदा मान्य झाल्यावर १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि त्याच्या कक्षेत आलेल्या जमातींतील माणसांस हजेरी देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९५२ साली त्या जमाती विमुक्त झाल्या. तथापि गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्याच्या पालाकडे वळते, हा अनुभव आजही संपलेला नाही. कथेतला मुखवटा कथेत राहत नाही, तो जिवंत माणसांच्या तोंडावर जाऊन बसतो, हे आम्ही म्हणतो ते अशा आधारावर.

आता मुखवटा ह्या वस्तूकडे आपल्या परंपरेने कसे पाहिले ते पाहू. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या बाजूस आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. टेंभ्यांच्या उजेडात, सांबळाच्या ठेक्यावर, रात्रभर देव-दानवांची सोंगे नाचतात. ज्याने सोंग घेतले तो कोणाचा कोण, हे गावातले पोरही सांगू शकते. गणपतीप्रमाणेच दैत्याचाही मुखवटा जपून ठेवतात, त्यासही मान देतात. दैत्याचे सोंग घेणारा सकाळी मुखवटा उतरवितो आणि शेतावर जातो. त्याच्याशी कोणी वैर धरीत नाही. येथे मुखवट्याने मनुष्य नाहीसा होत नाही. उलट, एका मनुष्याच्या अंगी काही काळ मोठ्या शक्तीचा भार आला आहे, हे तो मुखवटा सर्वांस सांगतो.

मुलचेऱ्याच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असल्यास राजगोंडांच्या दंडारीचे घ्यावे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या आदिलाबादच्या मुलखात दिवाळीच्या दिवसांत घुसाडी निघतात. मस्तकी मोरपिसांचा भव्य टोप, तोंडाला खोटी दाढी, अंगास राख, खांद्यावर कातडे, हाती दंड. ह्या वेशातल्या माणसास अनोळखी प्रवाशाने रानवाटेवर संध्याकाळी पाहिले, तर तो घाबरून जाईल यात नवल नाही. पण हा भयंकर दिसणारा पुरुष त्या दिवसांत व्रतस्थ असतो. आणि दंडारीचा ताफा एका गावाहून दुसऱ्या गावी जातो तो पाहुणा म्हणून. यजमान गाव त्याचे स्वागत करिते, त्यास जेवू घालिते, त्याच्याबरोबर नाचते. ह्याच नृत्याची सेवा केल्याबद्दल मार्लवाई गावच्या कनक राजू ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. अर्थात, वेशधारी टोळी रानातून नाचत येत आहे, ह्या एकाच दृश्याचे दोन अर्थ होतात. एकात ती आली म्हणून पाणी तापत ठेवावयाचे, दुसऱ्यात ती आली म्हणून शस्त्र उचलावयाचे. 'गेनशिन इम्पॅक्ट' आपल्या खेळाडूस दुसराच अर्थ शिकवितो, आणि तो दररोज शिकवितो.

हा आरोप आम्ही ओढूनताणून करीत नाही. २०२१ च्या एप्रिल महिन्यात ह्याच प्रश्नावर वाद माजला होता. खेळाच्या निर्मितीसंबंधीच्या एका चित्रफितीत हिलिचर्लांच्या हालचाली बेतण्यासाठी आदिवासींच्या नृत्यांचे नमुने समोर ठेवलेले दिसले, आणि खेळाडूंतूनच त्यावर निषेध उमटला. राक्षस हवा, तो रानटी दिसावयास हवा, आणि रानटी म्हणजे झोपडीत राहून शेकोटीभोवती नाचणारा, ही विचारांची साखळी निर्मात्यांच्या मनात दुष्टपणाने आली असेल असे आम्ही म्हणत नाही. ती फार जुनी व फार गुळगुळीत झालेली साखळी आहे. हातास लागते आणि लोक वापरतात. परंतु कलावंताने हातास लागेल ते वापरावयाचे नसते.

येथपर्यंतचा दोष इतर शेकडो खेळांसही लागू पडेल. 'गेनशिन इम्पॅक्ट'विषयी विशेष लिहावेसे वाटले त्याचे कारण निराळे आहे. ह्या खेळाच्या कथाकारास मुखवट्यामागे काय आहे ते ठाऊक आहे! कथा पुढे सरकते तसे खेळाडूस कळते की, पाचशे वर्षांपूर्वी खेनरिआ नावाचे देवताविहीन राज्य नष्ट झाले, तेव्हा तेथील प्रजेतील कित्येकांस शाप मिळाला व त्यांचे हे विद्रूप प्राणी झाले. आपले रूप आपणास दिसू नये म्हणून त्यांनी मुखवटे घातले. २०२३ साली आलेल्या 'कॅरिबर्ट' ह्या प्रकरणात तर क्लोथार नावाचा पिता आपल्या हिलिचर्ल झालेल्या मुलास पुन्हा मनुष्यपण यावे म्हणून धडपडताना दिसतो. आणि पाताळपंथाची स्थापना ज्या निराशेतून झाली ती ह्या पित्याची निराशा, हे आपणास उमगते. त्याही आधी, २०२१ सालच्या कथाभागात, नायकाचे हरवलेले भावंड सापडलेले असते, ते ह्याच पंथाच्या अग्रस्थानी!

कथानक म्हणून ही योजना उच्च प्रतीची आहे. ज्यांस आपण पशू समजून मारीत आलो ते शापित मनुष्य, ज्यास आपण कारस्थान समजलो तो एका बापाचा आक्रोश, आणि शत्रूचा अग्रणी आपलेच सख्खे भावंड! आपल्या वाचकांस येथे कर्णाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. युद्ध संपल्यावर कुंती सांगते की, ज्यास तुम्ही मारलेत तो तुमचा ज्येष्ठ बंधू होता. त्या एका वाक्याने युधिष्ठिराचा विजय मातीमोल होतो. राज्य हाती आले असता तो वनात जाण्याची भाषा बोलू लागतो, आणि त्यास शांत करण्यासाठी व्यास-कृष्णांस, शरपंजरी भीष्मांस आपली वाणी झिजवावी लागते. ॲरिस्टॉटलने शोकनाट्याच्या विवेचनात ओळख पटण्याच्या क्षणास जे महत्त्व दिले ते ह्याचसाठी. ओळख पटली म्हणजे कृतीची दिशा बदलली पाहिजे. ती बदलत नसेल, तर ओळख पटलीच नाही, केवळ बातमी कळली.

'गेनशिन इम्पॅक्ट'मध्ये नेमके हेच होते. कॅरिबर्टची कथा पाहून डोळे ओलावलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी पुन्हा तळ साफ करावयास निघतो, कारण मारलेले हिलिचर्ल पुन्हा आपल्या शेकोटीभोवती येऊन बसलेले असतात. आणि त्यांस मारून मिळते काय? मुखवटे! फुटका मुखवटा, डागाळलेला मुखवटा, अशुभ मुखवटा, अशा चढत्या प्रतीचे मुखवटे गोळा करून, ते खर्ची घालून, आपल्या आवडत्या पात्राचे वा त्याच्या शस्त्राचे सामर्थ्य वाढवावयाचे. त्या अभाग्यांनी आपली लाज झाकण्यासाठी जे तोंडावर घेतले, तेच नायकाच्या भांडारातील माल ठरते. ह्याहून भेदक प्रतीक कोणा कवीस सुचणे कठीण आहे. दुःख इतकेच की, येथे ते प्रतीक म्हणून सुचलेले नाही. ते जमाखर्चातून आलेले आहे.

आनंदवर्धनाने रसभंगाचे मूळ अनौचित्यात पाहिले. येथील अनौचित्य एखाद्या प्रसंगाचे किंवा भाषणाचे नाही. ते कथा आणि कृती ह्यांच्यातले आहे. कथा करुणाची, कृती लुटीची. नाटकात दोहोंमध्ये अशी फारकत पडली तर नट चुकला असे आपण म्हणतो. खेळात नट खेळाडूच असल्यामुळे चूक कोणाची हे दिसेनासे होते, इतकेच.

ह्यावर कोणी म्हणेल की, खेळ म्हटला म्हणजे मारामारी आलीच, सोंगट्यांच्या पटावर सोंगटी मेली म्हणून कोणी रडत बसतो काय? हा आक्षेप सोंगट्यांच्या बाबतीत बरोबर आहे. पण सोंगटीस पिता नसतो, आणि तिच्या पित्याची कथा सांगून पटमांडणाऱ्याने आपणास रडविलेलेही नसते. ज्याने करुणेचे कर्ज उचलले त्याने ते फेडले पाहिजे. शिवाय ह्या माध्यमात ते फेडता येते, ह्यास पुरावा आहे. जपानच्या निन्टेन्डो संस्थेने २००० साली 'मजोराज मास्क' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यातही नायक मुखवटे मिळवितो. पण डोंगरातील मृत योद्ध्याचा किंवा सागरकाठच्या मृत वादकाचा मुखवटा त्यास मिळतो तो त्यांच्या तळमळणाऱ्या आत्म्यांस गीताने शांतविल्यानंतर. आणि तो मुखवटा चढविला म्हणजे मृताचे आप्त त्यासच आपला माणूस समजून त्याच्याशी बोलू लागतात. मृताचे अपुरे कार्य मग नायकास पार पाडावे लागते. तेथे मुखवटा म्हणजे वारसा आहे. येथे तो माल आहे. एकाच वस्तूच्या ह्या दोन उपयोगांत कलेचे सारे अंतर सामावले आहे.

'गेनशिन इम्पॅक्ट'लाही ही वाट अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. एला मस्क नावाची एक मुलगी त्यात हिलिचर्लांची भाषा शिकू पाहते, आणि तिच्या कामगिरीत खेळाडूस त्यांच्याशी चार शब्द बोलून सख्य जोडता येते. ते चार शब्द बरोबर जुळले की शस्त्र न उचलता काम होते. इतक्या मोठ्या खेळात आम्हांस सर्वांत अधिक मानवी वाटलेला भाग तो हाच. निर्मात्यांनी त्यास गंमतीच्या कोपऱ्यात ठेवले, ही त्यांची चूक होय.

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे वळू. मुलचेऱ्याचा तालुका हा अनेक भाषांचा मुलूख आहे. गोंड-माडियांच्या वस्त्यांशेजारी पूर्व पाकिस्तानातून येऊन वसविलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत. मराठी व तेलुगू बोलणारेही आहेत. परका कोण, हा प्रश्न येथे पुस्तकी नाही. रात्री रेला म्हणत फेर धरणारी माणसे, गवताने शाकारलेले घर, अंगणातली शेकोटी ही येथील मुलाच्या घरची दृश्ये आहेत. शहरातल्या मुलास हिलिचर्लांचा तळ हे कल्पनेतले राक्षसांचे ठिकाण वाटेल; ह्या मुलास त्यात आपल्या आजोळची ओळख पटण्याचा संभव आहे. आणि ओळख पटली की त्याने काय करावयाचे? खेळ सांगतो, तळ साफ करावयाचा.

ही भाषा त्याच्या कुटुंबाने प्रत्यक्षातही ऐकलेली आहे. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्याच रानात ह्या लोकांस अतिक्रमक ठरविले गेले; २००६ सालच्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत हा ऐतिहासिक अन्याय होता असे संसदेनेच मान्य केले. ह्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा कोठे तळ आणि गाव ह्यांतला फरक कागदावर आला. दुसरीकडे, १९८० नंतरच्या चार दशकांत येथील साध्या माणसांच्या तोंडावर एका बाजूने खबऱ्याचा तर दुसऱ्या बाजूने साथीदाराचा मुखवटा चढविला गेला, आणि त्या मुखवट्यापायी कित्येकांनी प्राण गमाविले. तो मुखवटा त्यांनी स्वतः घेतलेला नव्हता. पाहणाऱ्याने तो त्यांस घातला होता.

म्हणून आमचे मत असे की, 'गेनशिन इम्पॅक्ट' हा सुंदर खेळ आहे, त्याची कथा विचारी आहे, आणि त्याचा नित्याचा व्यवहार त्या कथेशी बेइमान आहे. पालकांनी तो मुलांच्या हातून हिसकावून घ्यावा असे आम्ही सुचवीत नाही. हिसकावलेल्या पुस्तकांनी कोणाची अभिरुची सुधारल्याचे ऐकिवात नाही. मुलाजवळ बसून एवढेच विचारावे की, हा जो मुखवटा तुला बक्षीस मिळाला, तो कोणाचा होता? खेळाने उत्तर सांगून ठेवलेले आहे. मुलास ते ठाऊकही असेल. ते त्याच्या तोंडून एकदा निघाले म्हणजे पुढच्या तळावर त्याचा अंगठा क्षणभर अडखळेल. चांगल्या कथेने जे घडवावयास हवे होते ते तेवढेच.